काम चालू असतानाचा फोटो

(पनवेल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



व्याख्यानमालेत फोटो काढणाऱ्याची जागा ठरलेली असते. पहिल्या रांगेसमोरून वाकून फिरायचे, दीपप्रज्वलनाचा एक, शाल-श्रीफळाचा एक असे फोटो काढायचे आणि वक्ता रंगात आला की मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. आज तुम्ही त्यालाच माईकसमोर आणून उभे केले आहे. तेव्हा इथे येऊन गेलेल्या विद्वानांकडून होती ती अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. मला सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. गावात चार माणसे एकत्र येऊन जे काम करतात त्याचा फोटो आपण उद्घाटनाला काढतो, नाहीतर समारोपाला. तो काम चालू असताना काढायला हवा, एकाच कामाचा वर्षानुवर्षे काढायला हवा, आणि सगळ्यांत आधी काम करणाऱ्यांनाच दाखवायला हवा. बाकी सगळे याचेच तपशील आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या इथे मांडलेल्या फोटोकडे पाहा. स्टुडिओत बसून काढलेला, समोर बघणारा, इस्त्रीच्या शर्टातला. आपल्या शाळांच्या, पतपेढ्यांच्या, वाचनालयांच्या भिंतींवर जेवढे हार घातलेले फोटो आहेत ते जवळजवळ सगळे याच जातीचे. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गण्या गोळा केल्या, सभांच्या सतरंज्या घातल्या, रात्री हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्याचा वर्गणी मागतानाचा किंवा सतरंजी घालतानाचा फोटो कोणाकडेच नसतो. तो गेल्यावर आपण त्याच्या कार्याविषयी बोलतो आणि दाखवतो त्याचा चेहरा.

दुसऱ्या टोकाला वृक्षारोपणाचा फोटो. जुलैत पाऊस लागला की पनवेलपासून खारघरपर्यंत बॅनर लागतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक रोप आणि त्याला लागलेले अकरा हात दिसतात. पैकी पुढच्या चार हातांना रोप दिसत तरी असते. मागच्या सात हातांना फक्त कॅमेरा दिसतो. त्याच रोपाचा एप्रिलमधला फोटो कोणाकडे आहे? एप्रिलात ते रोप एक तर गुरांनी खाल्लेले असते, नाहीतर डोंगराला लागलेल्या वणव्यात गेलेले असते. क्वचित जगलेलेही असते, कारण कोणीतरी दर आठवड्याला कळशीभर पाणी वर नेलेले असते. वणवा पसरू नये म्हणून फेब्रुवारीत कोणीतरी उन्हात जाळरेषा काढलेली असते. ती कळशी आणि ती जाळरेषा कोणत्याच फोटोत नाही.

आणि तिसरा प्रकार स्मरणिकेतला. ‘खुर्चीवर बसलेले डावीकडून’, ‘उभे डावीकडून’. मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण त्यात निदान नावे असतात. पन्नास वर्षांनी नातू विचारतो, यातले आजोबा कोणते, आणि ओळीवर बोट ठेवून सांगता येते. पण त्या डावीकडूनच्या यादीत चहा करणारी बाई नसते, मंडपवाला नसतो, ज्याने आपला टेम्पो फुकट दिला तो नसतो. फोटो काढणाराही नसतो, पण ते एक वेळ चालेल.

आता पनवेलविषयी थोडे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला तेव्हापासून, आगगाडी येईपर्यंत, मुंबईचा माणूस मचव्यातून पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि पुढे घाट चढायचा. या गावात गाडीची चाके तयार होत आणि घाटावरच्या शेतकऱ्याला पनवेलचे चाक आपल्या गाडीला असावे असे वाटे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने त्याची नोंद घेतली आहे. १८५२ ची इथली नगरपालिका, १८७२ चा धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना. एवढा जुना इतिहास, पण सुताराच्या हातात चाक आहे आणि लोहार धाव चढवतो आहे असा पनवेलचा एक फोटो मला कोणी दाखवला तर मी त्याचे पाय धरीन. नगरपालिकेची १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, त्या दिवसाचे फोटो मात्र मुबलक आहेत.

हे जुने झाले म्हणून सोडून देऊ. आपल्या डोळ्यांसमोरचे घ्या. जानेवारी १९८४. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली, आणि ती पुढे राज्यात इतरत्रही दाखला म्हणून सांगितली गेली. दरवर्षी जासईला हुतात्म्यांना अभिवादन होते. पण लढा म्हणजे गोळीबाराचे दोन दिवस नव्हेत. त्याआधी गावोगाव बैठका झाल्या असतील, कोणाच्या ओटीवर चूल मांडून भात शिजला असेल, पोरांनी रात्री भिंती रंगवल्या असतील. त्या सगळ्यात कॅमेरा कुठे होता? कॅमेरा महाग होता, रीळ महाग होते, धुलाई महाग होती. ज्याच्याकडे असेल त्याने चार फोटो काढले. ते चार फोटो आज कोणाच्या तरी ट्रंकेत आहेत.

आता याच माणसाच्या नावाचे दुसरे दृश्य. १० जून २०२१. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली. पुढे २४ जूनला, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनाला घेराव घातला. करोनाचा काळ, तोंडावर मास्क, आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, कारण प्रत्येकाच्या हातात मोबाइल. त्या दोन दिवसांत फोटोंचा पाऊस पडला. तुमच्यापैकी कितीजण त्या साखळीत उभे होते ते मला ठाऊक आहे, चेहरे ओळखीचे आहेत. आज घरी गेल्यावर मोबाइल उघडा आणि तो फोटो सापडतो का पाहा. मधल्या काळात मोबाइल बदलला, जागा भरली म्हणून गॅलरी रिकामी केली, ग्रुपवर आलेला तर आपोआपच पुसला गेला. १९८४ चे चार कागदी फोटो टिकतील आणि २०२१ चे चार हजार टिकणार नाहीत, अशी मला रास्त भीती वाटते.

विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचे पात्र वळवले आणि दहा वस्त्या उठल्या: चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. या नावांचा उच्चार व्यासपीठावरून व्हावा म्हणून मी मुद्दाम सगळी वाचली. या गावांचे फोटो कोठे आहेत? सिडकोच्या दप्तरात मोजणीचे नकाशे असतील, आकाशातून घेतलेली चित्रे असतील. गाव म्हणून जे गाव होते ते मात्र लोकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. हळद लागते आहे आणि मागे देवळाचा चौथरा दिसतो. वरात निघाली आहे आणि पाठीमागे विहिरीवरच्या बाया थांबून पाहताहेत. मांडव घालायला सगळी आळी लागली आहे. फोटोग्राफरने नवरदेवाचा फोटो काढला. त्याच्या नकळत त्यात गावकीचा फोटो निघाला. हे अल्बम गोळा करणे, त्यांच्या प्रती करणे, माणसांची आणि जागांची नावे लिहून घेणे, हे काम करायला अजून वेळ आहे. फार नाही.

मी स्वतः ज्या गटाबरोबर हिंडतो त्याचे नाव सांगत नाही. गटातल्या कोणालाच ते आवडणार नाही. आम्ही पावसाळ्यानंतर डोंगराकडच्या वाड्यांजवळ वनराई बंधारे घालतो. मोहन धारिया यांनी १९८६ साली ‘वनराई’ संस्था काढली, तिच्यामुळे हा बंधारा महाराष्ट्रभर माहीत झाला. धारिया मूळचे महाडजवळच्या नाते गावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. आपल्याकडे पावसाचे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी पडते आणि मार्च उजाडला की वाडीवरची बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. पाणी पडते ते थांबत नाही, ही कोकणाची जुनी रड आहे. ओढ्याची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडे शिवायची आणि सांध्यावर गोण येईल अशा बेताने ओढ्याला आडव्या रचत न्यायच्या. फटींत चिकणमाती ठोसायची. खर्च जवळजवळ नाही. पनवेलमध्ये रिकाम्या गोण्यांना तर तोटाच नाही, इतके टॉवर उठताहेत. ज्या सिमेंटने खाली इमारत झाली त्याची गोण वर पाणी अडवते.

या बंधाऱ्याचा एक गुण असा की तो टिकत नाही. जूनमध्ये ओढ्याला पहिला मोठा लोंढा आला की गोण्या फाटतात आणि सगळे वाहून जाते. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे इथे कोनशिला नाही, फीत नाही, कोणाचे नाव नाही. एवढी माणसे एवढे राबली याचा पुरावा काय, तर थोडी वाढलेली विहीर आणि फोटो.

कॅमेरा तिथे काय टिपतो ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी मौज तिथेच आहे. सुरुवातीला वाद असतो. बंधारा कुठे घालायचा यावर वाडीतल्या म्हाताऱ्याचे एक मत, शहरातून आलेल्या इंजिनिअरचे दुसरे. दोघेही ओढ्याच्या दोन काठांवर उभे राहून हातवारे करताहेत, हा फोटो घ्यावा. मग गोणी भरणे. एक जण तोंड धरतो, दुसरा फावड्याने भरतो. तोंड धरणाऱ्याचे काम हलके वाटते, पण कंबर त्याचीच जाते. शिवायला बाया बसतात, दाभण आणि सुतळी. मग माणसांची रांग लागते आणि गोण हातोहात पुढे सरकते. रांगेतला फोटो सगळेच काढतात, पण गोण घेणाऱ्याचे डोळे गोणीकडे नसतात, देणाऱ्याच्या हाताकडे असतात. हे पाहायला जरा थांबावे लागते. कोणीतरी पाण्यात पडतो. कोणीतरी तंबाखू मळत सल्ला देतो, आणि त्याचाही फोटो हवा, कारण दुपारनंतर सगळ्यांत जास्त गोण्या तोच उचलतो. संध्याकाळी पाणी दुसऱ्या थराला टेकते. तोपर्यंत प्रकाश गेलेला असतो. फोटो बरा येत नाही, तरी काढावा.

आता उमेदीविषयी. माणसे काम का सोडतात? टीका होते म्हणून सोडतात असे आपण म्हणतो. माझे निरीक्षण वेगळे आहे. टीकेने माणूस चिडून चार दिवस जास्तच काम करतो. सोडतो तो, काही हलतच नाही असे वाटले की. तळ्याच्या सफाईला पहिल्या रविवारी चाळीस जण असतात, दिवाळीनंतर सात. सातजण तळ्याच्या काठाची तीच प्लॅस्टिके पुन्हा उचलतात आणि मनात म्हणतात, गेल्या वर्षीही एवढीच होती. खरे तर एवढी नव्हती. पण माणसाच्या डोळ्याला गेल्या वर्षीचे आठवत नाही. रोज पाहिलेली गोष्ट बदललेली कळत नाही. मूल वाढते ते आईला नाही, सहा महिन्यांनी आलेल्या मावशीला दिसते.

म्हणून जागा ठरवावी. वडाळे तलावाचा काठ असो, गाढीचे पात्र असो, नाहीतर शाळेमागचे मैदान. तिथे एक खूण धरावी, विजेचा खांब म्हणा, कठड्याचे टोक म्हणा. तिथेच उभे राहून, त्याच दिशेला, शक्यतो त्याच वेळी, महिन्याला एक फोटो. मागचा फोटो मोबाइलवर उघडून पडद्यातल्या रेषा जुळवून घ्याव्या. चौकटीत एखादा माणूस किंवा घमेले येऊ द्यावे, म्हणजे मापाचा अंदाज येतो. यात कला काही नाही. चिकाटी आहे, आणि तिचा एक फायदा कामाबाहेरचा आहे: फोटोची तारीख आली म्हणून माणूस जातो. कंटाळा आला असला तरी जातो, गेल्यावर दोन प्लॅस्टिके उचलतोच. मी स्वतः कित्येकदा कामासाठी नव्हे, फोटोसाठी गेलो आहे. कामाला त्याने काही कमीपणा येत नाही.

पण ही नोंद प्रामाणिक हवी. रोपे जळाली तर जळालेल्या रोपांचा फोटो त्याच जागेवरून काढायचा. बंधारा नोव्हेंबरातच फुटला तर फुटलेला काढायचा. गटात याला विरोध होतो, ‘हे कशाला दाखवायचे’ म्हणतात. दाखवायचेच. फुटलेला बंधारा नीट पाहिला की पुढच्या वर्षी जागा चार पावले वर घेता येते. आणि ज्या मालिकेत अपयश नाही तिच्यावर त्यात राबलेली माणसेच विश्वास ठेवत नाहीत. त्यांना ठाऊक असते.

वर्षानुवर्षे त्याच जागी परत जाण्याचे हे काम जगात फार चांगले करून दाखवणारा जो माणूस मला माहीत आहे, तो व्यवसायाने फोटोग्राफर नव्हता. मिल्टन रोगोविन. अमेरिकेतल्या बफेलो शहरात डोळे तपासून चष्मे देणारा. १९५७ साली डाव्या विचारांचा म्हणून त्याला संसदीय समितीपुढे उभे केले, वर्तमानपत्रांनी बदनामी केली आणि त्याचे गिऱ्हाईक आटले. हाती वेळ आला तेव्हा त्याने कॅमेरा उचलला. १९७२ पासून त्याने आपल्या दुकानाजवळच्या गरीब वस्तीतल्या माणसांचे फोटो काढायला घेतले. वस्ती म्हणजे मोजक्या चार-सहा गल्ल्या. माणसाला जसे उभे राहायचे तसे उभे राहू द्यायचे आणि फोटोची प्रत त्याला नेऊन द्यायची, हा त्याचा रिवाज. १९८४ मध्ये तो पुन्हा गेला आणि त्याच माणसांना शोधून त्यांचे फोटो काढले. १९९२ मध्ये पुन्हा. २००० नंतर, वयाची नव्वदी उलटल्यावर, पुन्हा एकदा. मांडीवरचे मूल पुढच्या फोटोत बाप होऊन उभे आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९९ साली त्याचा संग्रह घेतला. मला त्यातले सगळ्यांत मोलाचे वाटते ते प्रत नेऊन देणे. आपण फोटो काढतो आणि अपलोड करतो. ज्याचा काढला त्याला तो कागदावर कितीदा देतो?

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे, मुंबईत वर्तमानपत्रात छायाचित्रकार. नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, वर्षानुवर्षे. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगातला माणूस, आणि नंतर घरी आलेला, बायकामुलांतला तोच माणूस. शहर साफ राहते ते कोणाच्या जिवावर आणि त्या कामाला कोणत्या जाती जुंपल्या आहेत, हे त्या कृष्णधवल फोटोंनी भाषणाशिवाय दाखवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे नाव स्वच्छतेच्या संदर्भात मुद्दाम घेतो. रविवारी तळ्याकाठी झाडू घेऊन फोटो काढणारे आपण, आणि सोमवारी तोच झाडू घेऊन येणारा कंत्राटी कामगार. समूहाच्या कामाची नोंद करायची तर दुसऱ्याला चौकटीबाहेर ठेवून पहिल्याचे कौतुक करता येणार नाही. तसे केले तर ती जाहिरात झाली.

यासाठी मुंबईला राहिले पाहिजे असेही नाही. कणकवलीचे इंद्रजित खांबे आपल्या सिंधुदुर्गातच राहून दशावतारी कलावंतांचे, कुस्तीच्या तालमींचे फोटो काढत राहिले आणि ते जगाने पाहिले. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहात पाहा: फोटोखाली माणसाचे नाव असते, गावाचे असते, तो काय काम करतो ते असते. ‘एक आदिवासी महिला’ असे लिहून भागत नाही.

आता ‘आधी आणि नंतर’ या जोडफोटोंविषयी माझी तक्रार. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेमुळे ही जोडी घरोघर गेली. २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून स्पर्धा सुरू झाली, कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. उजाड माळ आणि भरलेले शेततळे, असे जोडफोटो पाहून दुसरी गावे पेटून उठली, हे मी नाकारत नाही. त्या जोडीने फार मोठे काम केले. पण ती जोडी एक खोटेही सांगते: की मध्ये काही नसते आणि नंतरचे कायम राहते. वर्सोव्याच्या किनाऱ्याचे घ्या. अफरोज शहा यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे मोठी गर्दी जमली, संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. २०१७ च्या नोव्हेंबरात त्रासाला कंटाळून काम थांबवत असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि मग ते पुन्हा सुरूही झाले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. आणि तरीही प्रत्येक पावसाळ्यात समुद्र कचरा परत आणून टाकतो. मग ‘नंतर’चा फोटो कोणता धरायचा? पिल्लांचा, की त्यानंतरच्या जुलैचा? मला विचाराल तर काम थांबवल्याच्या आणि पुन्हा सुरू केल्याच्या मधल्या रविवारचा, जर कोणी काढला असेल तर.

फोटो कोठे काढू नये हेही बोलले पाहिजे. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवनात कुष्ठरोगाने ग्रासलेल्यांसाठी कित्येक वर्षे काम चालले आहे. तिथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला वाटते, चेहरा दाखवला तर लोकांना कळवळा येईल. पण त्या चेहऱ्याचे एक गाव असते, गावात नातेवाईक असतात, भाचीचे लग्न ठरायचे असते. विचारावे, नाही म्हटले तर हातमागावरचा हात, शेतातली पाठ, वाफ्यातली भाजी यांचे फोटो काढावे. काम त्यातही दिसते. दुसरी जागा आपत्तीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. भर पावसात, चालतच चढावे लागत होते, यंत्रे वर जात नव्हती. आपल्या परिसरातले ट्रेकर, गावकरी मदतीला चढले. तिथे दोन्ही हात मोकळे असणारा माणूस हवा होता. मोबाइल धरायला एक हात अडकवून उभ्या असलेल्या माणसाची त्या चिखलात अडचणच होते. सांगणाऱ्यांनी नंतर तोंडी सांगितले, ते लिहून घेतले तरी पुरते.

आता कोरडे पण गरजेचे. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि त्यातली तारखेची, जागेची नोंद निघून जाते. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ संगणकावर उतरवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा लिहा, म्हणजे ओळीने लागतात. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. २००५ च्या जुलैतला पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. वर्षाअखेरी सगळ्या फोटोंतून थोडेच निवडून छापून घ्या. वीस-पंचवीस पुरतात. पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहा, शाई उमटते. एक वही ठेवा: कोण आले, काय केले, जेवण कोणी आणले, कशावरून भांडण झाले. भांडणाची नोंद लोक वगळतात, आणि दहा वर्षांनी नेमकी तीच वाचायला सगळे जमतात.

आणि ते छापलेले फोटो घेऊन वाडीवर जा. पडदा लावून प्रोजेक्टरवर दाखवा किंवा नुसते ओट्यावर पसरा. आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर कामाला लागण्याआधी तेच केले. माणसे फोटोत प्रथम स्वतःला शोधतात, मग शेजाऱ्याला, मग हसतात, आणि मग कोणीतरी म्हणतो, ‘गेल्या साली इथं गोण कमी पडली होती.’ कामाची आखणी तिथूनच सुरू होते, वेगळी बैठक घ्यावी लागत नाही.

शेवटी मागणी. पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयासारख्या आपल्या जुन्या संस्थांनी पुस्तकांच्या शेजारी एक कपाट या फोटोंसाठी द्यावे, आणि महापालिकेने त्याच्या प्रती करून देण्याचा खर्च उचलावा. एका दिवसाच्या बॅनरपेक्षा तो जास्त येणार नाही. तोवर सुरुवात आपणच करू. १९८४ च्या लढ्याचा, विमानतळात गेलेल्या दहा गावांतला, २०२१ च्या साखळीतला, किंवा कुठल्याही श्रमदानाचा एक फोटो जरी तुमच्या घरी असेल, तरी बाहेर टेबलावर ठेवलेल्या वहीत आपले नाव, गाव आणि फोटो साधारण कोणत्या सालचा आहे एवढे लिहून जा. मूळ फोटो कोणाला देऊ नका, मलाही नाही. आम्ही तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर त्याची प्रत करू आणि त्यातली माणसे कोण, ते तुमच्याकडूनच लिहून घेऊ.